राजपुरीच्या बंदरातून शिडाच्या होडीने

महाडला, नागपूरला आपण जातो ते अभिवादनाला. ती सहल नव्हे. परंतु केवळ पाहण्यासाठी, मुलांना मोकळा समुद्र दाखवावा, घरातल्या बाईला दोन दिवस स्टोव्हसमोरून उठवावे, एवढ्यासाठी आपण घराबाहेर किती वेळा पडतो? मुंबईत जन्म गेला, चौपाटीवर भेळ खाल्ली, पण बोटीत कधी पाय ठेवला नाही, अशी माणसे आपल्या प्रत्येक चाळीत सापडतील. अशा कुटुंबांसाठी रायगड जिल्ह्यातील मुरूड हे गाव फार सोयीचे आहे. रायगड म्हणजे आपल्या जुन्या माणसांच्या तोंडचा कुलाबा जिल्हा. मुरूडला किनारा आहे, नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत, घरगुती खाणावळी आहेत आणि मुख्य म्हणजे शिडाच्या होडीत बसून भर पाण्यातला जंजिरा किल्ला पाहता येतो.

आमच्या वस्तीतल्या महिला मंडळाने वर्षभर दरमहा थोडे थोडे पैसे साठवून ही सहल काढली. लहानमोठी धरून बावीस माणसे होती. त्यांत पालिकेच्या सफाई खात्यातून निवृत्त झालेले एक काका, गवंडीकाम करणारे दोघे भाऊ, घरकाम करणाऱ्या चार बाया, एक शिकाऊ नर्स आणि प्रश्न विचारून भंडावून सोडणारी सात पोरे. या सगळ्यांच्या डोळ्यांनी पाहिल्यामुळेच की काय, तिथे जे दिसले ते नेहमीच्या पर्यटनाच्या पुस्तकात असते त्याहून थोडे वेगळे होते.

जायचे कसे?

मुंबईहून एसटीने पेण, अलिबागमार्गे थेट मुरूडला जाता येते. पण सहल समुद्राचीच करायची तर सुरुवातही समुद्रानेच करावी. गेटवे ऑफ इंडियापासून मांडव्याला बोट जाते, तासाभराचा प्रवास. मांडव्याहून अलिबागला नेणारी बस पुष्कळदा बोटीच्याच तिकिटात असते. तिकीट काढतानाच तसे विचारून घ्यावे. सन २०२० पासून भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला मोठी रो-रो बोटही सुरू झाली आहे, तिच्यात मोटारीसुद्धा चढतात. पावसाळ्यात गेटवेच्या लहान बोटी बंद असतात.

अलिबागहून मुरूड पन्नासेक किलोमीटर. चौल, रेवदंडा, मग खाडीवरचा पूल, पलीकडे कोर्लई, पुढे काशीद, नांदगाव आणि मुरूड. एसटीत उजव्या हाताची खिडकी पकडा, समुद्र त्याच अंगाला आहे. कोर्लईच्या डोंगरावर पोर्तुगीजांचा किल्ला आहे आणि पायथ्याच्या गावात काही ख्रिस्ती कुटुंबे अजून घरात पोर्तुगीज वळणाची एक वेगळीच बोली बोलतात. राज्यकर्ते जाऊन पावणेतीनशे वर्षे लोटली, पण बोली राहिली. गाडी थांबत नाही, म्हणून आम्हीही थांबलो नाही.

मुरूड गावात शिरण्यापूर्वी रस्त्यावरूनच नबाबाचा राजवाडा दिसतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली ही इमारत खासगी मालकीची आहे, आत सोडत नाहीत. बाहेरूनच फोटो काढायचा आणि पुढे सरकायचे. तसेही आमच्या मंडळींचे लक्ष राजवाड्यापेक्षा वाळत घातलेल्या बोंबलांकडे अधिक होते!

होडी

जंजिऱ्याला जायला मुरूडहून चार-पाच किलोमीटर दक्षिणेला राजपुरी गावी जावे लागते. बंदरावर तिकिटाची खिडकी आहे, नावाड्यांच्या सहकारी संस्था आहेत, होड्या पाळीपाळीने सुटतात. माणसे भरली की होडी हलते.

आमच्यातल्या एका मावशींनी साठी ओलांडली, पण होडीत बसण्याचा हा पहिलाच प्रसंग. फळीवर बसल्या त्या दोन्ही हातांनी कड धरूनच. तांडेलाने दोरी ओढली, डोलकाठीवरचे आडवे परबाण कुरकुरले आणि शीड एकदम फुगले. इंजिनाची घरघर नाही, धूर नाही. पाणी कडेला चुळचुळते तेवढाच आवाज. वारा थेट किल्ल्याकडे जाणारा नव्हता, म्हणून तांडेलाने होडी आधी तिरपी बाहेर काढली आणि मग सुकाणू फिरवून पुन्हा आत घेतली. "सरळ का नेत नाहीत?" असे एका मुलाने विचारताच खलाशी म्हणाला, "वाऱ्याशी भांडायचं नसतं, त्याच्या कलानं घ्यायचं आणि आपल्याला जायचं तिथं जायचं." मावशींनी एव्हाना एक हात सोडला होता.

किल्ला जवळ येत जातो, पण दरवाजा काही दिसत नाही. नुसती काळ्या दगडाची भिंत आणि गोल बुरुज. होडी अगदी पुढ्यात गेली की दोन बुरुजांच्या मधे दरवाजा उघडतो. शत्रूची बोट आली तर तिला चुकवण्यासाठीच तो असा बांधला आहे. उतरताना मात्र सावध राहा. होडी लाटेबरोबर वर-खाली होते, दगडावर शेवाळ असते. मुलाला आधी एकाने पलीकडून धरावे, मगच दुसऱ्याने सोडावे. साडी नेसलेल्या बायकांनी निऱ्या खोचून घ्याव्यात आणि उंच टाचेची चप्पल मुक्कामाच्या जागीच ठेवावी.

हे लोक आले कुठून?

जंजिरा हा शब्द अरबी 'जझीरा' म्हणजे बेट यावरून आला. सुरुवातीला या खडकावर कोळ्यांचा लाकडी मेढेकोट होता. राम पाटील हा त्यांचा प्रमुख. समुद्रातल्या लुटारूंपासून वस्तीचे रक्षण व्हावे म्हणून कोळ्यांनी तो उभारला, असे सांगतात. पंधराव्या शतकाच्या अखेरीस अहमदनगरच्या निजामशाहीचा सरदार पिरमखान याने व्यापाऱ्याचे सोंग घेऊन, दारूची पिंपे आणल्याची बतावणी करून कपटाने तो घेतला, अशी कथा आहे. पुढे सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात आजचा दगडी कोट उठला आणि सतराव्या शतकात सिद्दी तिथले स्वतंत्र सत्ताधीश झाले. सन १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत त्यांचेच राज्य होते.

किल्ल्यात वाटाड्याने ही हकिकत झरझर सांगितली. शिवाजी महाराजांनी प्रयत्न केले, संभाजी राजांनी सन १६८२ मध्ये राजपुरीच्या बाजूने समुद्रात दगड टाकून सेतू बांधायला घेतला, पण मोगल चालून आल्याने काम सोडावे लागले, किल्ला अखेरपर्यंत अजिंक्य राहिला, वगैरे. तेवढ्यात आमच्यातली सहावीतली मुलगी मधेच म्हणाली, "पण हे सिद्दी आले कुठून?" वाटाड्याने "आफ्रिकेतून" एवढे म्हटले आणि तो तोफेकडे वळला.

इथे थांबायला हवे होते. कारण जंजिऱ्याची खरी गोष्ट या एका शब्दात आहे. सिद्दी, म्हणजेच हबशी, हे अबिसीनिया व पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आलेले लोक. काही खलाशी म्हणून आले, काही शिपाई म्हणून. पण कित्येकांना गुलाम म्हणून विकत आणले गेले. माणसाचा बाजार भरत असे आणि त्या बाजारातून घेतलेली पोरे दख्खनच्या सुलतानांच्या फौजेत वाढत. मलिक अंबर हा त्यांतला सर्वांत मोठा माणूस. सन १५४८ च्या सुमारास अबिसीनियात जन्मलेला, लहानपणीच विकला गेलेला, हातोहात मालक बदललेला हा मुलगा पुढे निजामशाहीचा सर्वेसर्वा झाला. त्याने मोगलांना वर्षानुवर्षे थोपवून धरले, १६१० मध्ये खडकी शहर वसवले (तेच पुढचे औरंगाबाद, आताचे छत्रपती संभाजीनगर) आणि तिथे जमिनीखालून नहर काढून लोकांच्या दारात पाणी आणले. १६२६ मध्ये तो वारला. जंजिरा त्याचे राज्य नव्हे. पण ज्या निजामशाहीच्या चाकरीतून जंजिऱ्याचे सिद्दी वर आले, ती त्याच्याच काळात त्याच्या हाती होती.

मुलांना हे आवर्जून सांगावे. ज्यांना बाजारात विकले, त्यांच्यातून उठलेल्या माणसांनी समुद्रावर असे राज्य केले की, मराठ्यांना, पोर्तुगीजांना आणि इंग्रजांनाही त्यांची दखल घ्यावी लागली. पण एवढेच सांगून थांबू नये. सत्ता हाती आल्यावर सिद्द्यांच्या आरमारानेही किनाऱ्यावरची गावे लुटली, माणसे पकडून नेली. गुलामीतून वर आलेला माणूस दुसऱ्याला गुलाम करणार नाही, असे नसते. आणि सगळे सिद्दी काही नबाब झाले नाहीत. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी कुटुंबे आजही जंगलपट्टीत मोलमजुरी करून राहतात. २००३ साली त्यांना अनुसूचित जमातीच्या यादीत स्थान मिळाले. त्या मुलीला हे सगळे आम्ही परतीच्या होडीत सांगितले. ती बराच वेळ किल्ल्याकडे बघत बसली.

दगड, चुना आणि गोडे पाणी

मुख्य दरवाज्याच्या भिंतीवर एक शिल्प आहे. वाघासारख्या प्राण्याने पंजांत हत्ती धरले आहेत. "आम्ही किती बलवान" हे दाखवायची ती तऱ्हा. आत कलालबांगडी ही प्रसिद्ध तोफ आहे, पोरे तिच्याभोवतीच घुटमळतात. पडका वाडा आहे, मशीद आहे आणि समुद्राच्या बाजूला संकटकाळी निसटण्यासाठी ठेवलेला छोटा दर्या दरवाजा आहे. पण आमचे गवंडी बंधू गेले ते थेट तलावाकडे. चारी बाजूंनी खारे पाणी आणि मधे गोड्या पाण्याचे दोन मोठे तलाव! धाकटा म्हणाला, "तोफेवर किल्ला टिकत नाही, पाण्यावर टिकतो." रोज सकाळी सार्वजनिक नळाला हंडा लावणाऱ्या आमच्या बायांना हे पटवून द्यावे लागले नाही.

मुरूडच्या किनाऱ्यावरून समोर पाण्यात आणखी एक कोट दिसतो, तो पद्मदुर्ग, ज्याला कासा असेही म्हणतात. जंजिऱ्याला शह देण्यासाठी शिवाजी महाराजांनी तो बांधून घेतला. तिथल्या भिंतींची एक गंमत आहे. लाटांच्या माऱ्याने दगड झिजून आत गेले, पण दोन दगडांमधला चुना जसाच्या तसा पुढे आलेला आहे. आज आपल्या वसाहतींच्या इमारती दहा वर्षांत गळू लागतात, त्या पार्श्वभूमीवर थोरल्या गवंड्याने मारलेला शेरा इथे छापण्यासारखा नाही!

पद्मदुर्गाशी जोडलेली लाय पाटलांची हकिकतही मुलांना आवडेल. लाय पाटील हे कोळी. रात्रीच्या अंधारात जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावण्याचे जिवावरचे काम त्यांनी केले. मागून यायची ती कुमक वेळेवर आली नाही, म्हणून डाव फसला. महाराजांनी त्यांना मानाची पालखी देऊ केली. कोळ्याला पालखी काय करायची, म्हणून त्यांनी ती नम्रपणे नाकारली. तेव्हा महाराजांनी त्यांना गलबत बांधून दिले आणि त्याचे नाव ठेवले 'पालखी'.

वेळ मात्र तोकडा असतो. आम्हाला पाऊण तास दिला होता आणि बावीस माणसांना तो पुरला नाही. उन्हाच्या आधी, सकाळच्या पहिल्या होड्यांनी जावे. किल्ल्यात पाण्याची किंवा स्वच्छतागृहाची भिस्त ठेवू नये. परतताना राजपुरीजवळच खोकरी येथे सिद्द्यांच्या दगडी कबरी आहेत. सिद्दी सुरूलखानाची घुमटाची इमारत सर्वांत मोठी आहे, पाहायला अर्धा तास पुरे.

जीव महत्त्वाचा

१ फेब्रुवारी २०१६ रोजी याच मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले चौदा विद्यार्थी बुडाले. ओहोटी लागली की वरून शांत दिसणारे पाणी पायाखालची वाळू ओढून नेते. ज्याला पोहता येते तोही त्यात सापडतो. म्हणून आंघोळीला उतरण्यापूर्वी किनाऱ्यावरच्या कोळ्याला भरती-ओहोटीची वेळ विचारावी, गुडघ्यापलीकडे जाऊ नये आणि पोरांवर नजर ठेवायला दोन मोठी माणसे कोरडीच ठेवावीत. आमच्याकडे ते काम सफाई खात्यातल्या काकांनी केले, तोंडात शिट्टी धरून.

१८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि पंधरा माणसे गेली. बोटीत शंभरावर माणसे होती आणि कित्येकांच्या अंगावर जीवरक्षक जाकीट नव्हते. तेव्हा होडी दोन मिनिटांची असो की तासाची, जाकीट मागून घ्या आणि बंद लावून घाला. लहान मुलाला मोठ्याचे जाकीट नुसते गळ्यात अडकवून भागत नाही, ते निसटते. होडीत माणसे जास्त वाटली तर उतरून पुढच्या होडीने जा. पैसे भरले म्हणून जीव धोक्यात घालायचे कारण नाही. आमच्या होडीतल्या एका पोराने जाकीट घातल्यावर "मी कासव झालो" म्हणून सगळ्यांना हसवले. नंतर बाकीच्यांनीही तक्रार केली नाही.

खाडीच्या आतल्या अंगाला

जंजिरा पाहून बहुतेक सहली परत फिरतात. आपल्या वाचकांनी मात्र एक दिवस अधिक काढावा. कारण जंजिरा ज्या राजपुरीच्या खाडीच्या तोंडाशी उभा आहे, त्याच खाडीच्या आतल्या अंगाला, मांदाडजवळच्या डोंगरात कुड्याची बौद्ध लेणी आहेत. होडी तिथवर नेत नाही, गाडी करून जावे लागते. मांदाड हे प्राचीन काळचे बंदर असावे, ग्रीक खलाशाच्या प्रवासवर्णनातले 'मंदगोरा' ते हेच, असा अभ्यासकांचा कयास आहे. म्हणजे सिद्दी येण्याच्या हजार-दीड हजार वर्षे आधी या पाण्यावरून गलबते ये-जा करीत होती आणि त्या व्यापारावर पोसलेल्या माणसांनी ही लेणी खोदवून घेतली.

एकूण सव्वीस लेणी आहेत, दोन थरांत. समोर खाडीचे पाणी चमकते. सहाव्या लेण्यात दगडी हत्ती आहेत, स्त्री-पुरुषांच्या जोड्या कोरल्या आहेत आणि पुढच्या काळात कोरलेल्या बुद्धमूर्ती आहेत. चैत्यात शिरल्यावर आमच्या बायांनी चपला बाहेर काढल्या, त्रिशरण-पंचशील म्हटले. दगडात तो आवाज असा घुमला की आधी दंगा करणारी पोरेही गप्प झाली.

भिंतींवर ब्राह्मी लिपीत प्राकृत भाषेतले लेख आहेत. दान कोणी दिले ते त्यांत लिहिले आहे. राजघराण्यातली माणसे त्यांत आहेतच, पण वाचण्याजोगी आहेत ती बाकीची नावे. कऱ्हाडचा महिक नावाचा लोखंडाचा व्यापारी. शिवपिरित नावाचा माळी. त्याचा बाप वधुक, तोही माळीच. सोमदेव नावाचा वैद्य. शिवभूती नावाचा लेखनिक, त्याची आई उत्तरदत्ता. भायिला नावाची ब्राह्मण उपासकाची पत्नी, तिने चैत्यगृह दिले. पदुमणिका नावाची भिक्खुणी, तिने एक लेणे दिले आणि सोबत पाण्याचे टाकेही. जंजिऱ्यावर तलाव कोणाच्या हातांनी खोदला त्याचे नाव कुठे सापडत नाही. इथे मात्र माळ्याचे नाव दोन हजार वर्षे दगडावर आहे.

त्या सहावीतल्या मुलीने वहीत ही सगळी नावे उतरवून घेतली. आमच्या मावशींनी "त्या माळ्याचं नाव परत वाच" असे तिला दोनदा सांगितले. त्यांचे यजमान हयातभर दादरच्या फुलबाजारात हमाली करीत होते.

कुड्याला जाताना जेवणाचे डबे बरोबर घ्यावेत, जवळ खाणावळ नाही. मुरूडहून गाडीने तासाभराचा रस्ता आहे. गाडीवाल्याला 'कुडा लेणी, मांदाडजवळ' असे स्पष्ट सांगावे, कारण मुरूडचे गाडीवाले जंजिरा आणि काशीद याखेरीज तिसरे नाव काढीत नाहीत. तळे गावाकडून एसटीने येणाऱ्यांनी परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ उतरतानाच कंडक्टरला विचारून ठेवावी.